त्र्यंबकच्या रस्त्यावर शांत झालेला दिवा

बायकांना मोटारीतलं काय कळतंय, असं म्हणणारे मला जन्मभर पुष्कळ भेटले. नसेल कळत, बाबांनो. पण मोटारीचा पुढचा दिवा लागेनासा झाला, तर आधी कशाला हात घालायचा, मग कशाला, आणि शेवटी कशाला, हे मला आजही पाठ आहे. ते मी हौसेनं शिकले नाही. माझी लहानगी लेक श्वासासाठी तडफडत होती आणि त्र्यंबकहून नाशिकला येणाऱ्या रस्त्यावर मिट्ट काळोखात आमची मोटार उभी होती, तेव्हा शिकले.

आमचं घर पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. धंदा पिढीजात, यात्रेकरूंचा. संकल्प सांगायचा, पिंड ठेवायला लावायचे, दक्षिणा घ्यायची. ह्यांना, म्हणजे आमच्या यजमानांना, त्या धंद्याचा लहानपणापासून कंटाळा. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि आता घेऊन तरी काय मिळवायचंय, म्हणून 'हे'च म्हणते. तर ह्यांनी सासरे गेल्यावर पोथ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि देवळालीच्या एका गोऱ्या साहेबाची जुनी, कापडी टपाची मोटार घेतली. तिच्यातून यात्रेकरूंना त्र्यंबकला न्यायचं आणि आणायचं. "उपाध्यायाच्या पोटी सारथी जन्मला," अशी गल्लीत थट्टा व्हायची. मोटारीचा डावा दिवा एका म्हशीनं शिंग मारून फोडला होता, त्याची काच काही मिळत नव्हती, म्हणून मोटार एका उजव्या दिव्यावर चालायची. गल्लीनं तिचं नाव 'शुक्राचार्य' ठेवलं. हे हसायचे. मीही हसायचे. एका डोळ्यानं काम चालतंय ना, मग झालं तर.

त्या दिवशी आम्ही सासूबाईंच्या बहिणीकडे त्र्यंबकला गेलो होतो, तिच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाला. कार्तिक संपत आला होता, अमावास्या तोंडावर होती. लेकीचा घसा आदल्या दिवसापासून दुखत होता. सासूबाई म्हणाल्या, "पडजीभ पडलीय, दुसरं काही नाही." त्यांनी टाळूवरचे चार केस धरून वर ओढले, बोटाला मीठ लावून घशात दाबलं. पडजिभेला आमच्याकडे सगळे हेच करायचे, आणि बहुतेक पोरं बरीही व्हायची. ही होईना. दुपारी पानं वाढायच्या वेळी तिचा आवाज बसला. मग मान सुजली. आणि चारच्या सुमाराला श्वास घेताना घशातून शीळ वाजल्यासारखा आवाज यायला लागला.

शेजारचे वैद्य आले. त्यांनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली, उजेडाकडे तोंड करून आत पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. घशाच्या दोन्ही अंगांना पांढरट कातडं धरलं होतं. मीही पाहिलं ते. "घटसर्प आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे याच्यावर काही नाही, खोटं कशाला बोलू. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात याची लस टोचतात. रात्र इथं काढू नका. आत्ता निघा."

घटसर्प म्हणजे काय हे आम्हा कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. गल्लीतल्या कुठल्या कुठल्या घरात पाळणा नुसताच टांगलेला राहिला होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोर रात्री घुसमटायचं आणि सकाळपर्यंत सगळं उरकायचं. लुगड्याचा काष्टाही मला धड सावरता येईना. सासूबाईंनी पोरीला धाबळीत गुंडाळलं, उचललं आणि त्याच आधी मोटारीत जाऊन बसल्या.

आम्ही निघालो तेव्हा ऊन डोंगराच्या कड्यावर होतं. अंजनेरी येईपर्यंत ते गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वडाची जुनी झाडं, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत अडकलेल्या, त्यामुळे तिथं तिन्हीसांजेलाच काळोख पडायचा. ह्यांनी दिवा लावला. तो दोन-तीन दिवसांपासून जरा मिचमिचतच होता, आणि हे म्हणत होते, सैल झाला असेल, बघतो. तसाच तो आताही मिचमिचला. एकदा गेला, आला, पुन्हा गेला. आणि मग आलाच नाही.

ह्यांनी मोटार थांबवली नाही. पोरीचा आवाज कानात घुमत असताना थांबवणार कशी? डोळे ताणून, अंदाजानं हाकत राहिले. मी मागच्या बाकावर सासूबाईंच्या शेजारी होते. एकदम पुढचं चाक खाली गेलं आणि मोटार एका अंगावर कलली. ह्यांनी ब्रेक दाबला. खाली कुठेतरी दगड गडगडत गेले आणि पाण्यात पडल्याचं ऐकू आलं. आम्ही ओढ्यावरच्या मोरीच्या कडेला होतो. कठडा नव्हता. आणखी हातभर पुढं गेलो असतो, तर घटसर्पाची वाट बघावी लागली नसती.

आम्ही जीव मुठीत धरून खाली उतरलो. मी खांदा लावला आणि ह्यांनी उलटा गिअर टाकून मोटार कशीबशी रस्त्यावर घेतली आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, "आता असं नाही जाता यायचं. दिवा वि..."

"तोंड आवर!" सासूबाई ओरडल्या. "तिन्हीसांजेला आजारी पोराजवळ तो शब्द? शांत झाला म्हण."

"शांत झाला," हे म्हणाले.

मला त्या दोघांचाही राग आला. पण खरं सांगते, त्या शब्दानं माझ्याही अंगावर काटा आला होता. एरवी असल्या गोष्टींना मी हसते. मांजर आडवं गेलं म्हणून मी कधी पाऊल मागं घेतलं नाही. पण त्या अंधारात, तो शीळ घातल्यासारखा आवाज ऐकताना, दिवा गेला तो आपल्याला काहीतरी सांगण्यासाठीच गेला, असं मनात येऊन गेलं. आणि एकदा आलं ते जाईना.

ह्यांनी हॉर्न दाबला, रबरी गोळ्याचा नव्हे, विजेचा. तो वाजला. "बॅटरी ठीक आहे," हे स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आता मागचा लाल दिवा बघ गं." मी मागं गेले. लाल दिवा लागलेला होता. म्हटलं, "लागतोय." "म्हणजे फ्यूजही ठीक. दोघांचा एकच आहे." हे पुढं गेले आणि चाचपडत दिव्याची काच उतरवायला लागले. पितळी कड्याचा स्क्रू अंधारात सापडेना. काड्या ओढल्या तर वारा राहू देईना. डोंगरावरून येणारा वारा मेला थांबायचं नाव घेत नव्हता.

तेवढ्यात मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. एक मळेकरी पंचवटीच्या बाजाराला मेथीच्या जुड्या घेऊन निघाला होता. ही माणसं संध्याकाळी गाडी जुंपतात, रात्रभर बैलांच्या पायानं जातात आणि उजाडायला बाजारात भाजी उतरवतात. त्याच्या गाडीखाली कंदील टांगलेला होता. त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि कंदील वर धरून धाबळीत डोकावला.

"माय, पोरीचा घसा लय वाजतोय," तो म्हणाला. "हितं थांबून काय व्हणार? गाडीत घाला तिला. जुड्या सरकवतो. दिस उगवायला नाशकात असतो आपण."

सासूबाई उठल्याच. पोर त्यांच्या खांद्यावर होती. तिनं आजीच्या मानेला हातांनी मिठी घातली होती, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"आई, थांब," हे म्हणाले. "बैलगाडीनं सकाळ होईल. वैद्यांनी काय सांगितलं?"

"आणि तुझ्या मोटारीनं कधी पोचणार? ती तर हलत नाहीये. बैल निदान चालतात तरी!"

"मला थोडा वेळ दे. सापडेल दोष."

"आणि नाही सापडला तर? ही गाडी निघून गेली, की काय खांद्यावर घेऊन पळशील पोरीला?"

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मेल्यांनो, एरवी भाजी कुठली करायची ते मला विचारत नाही कुणी! आणि आता पोरीच्या जिवाचा निकाल मी द्यायचा. गाडीत घातली आणि वाटेत काही झालं, तर ती मी मारली. मोटारीजवळ ठेवली आणि दिवा लागलाच नाही, तरी मीच मारली. मी ओरडले, "मला विचारू नका! मला काही कळत नाहीये!" आणि ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आलं, की बैलगाडी रात्रीत पोचणार नाही हे मला माहीत आहे. सासूबाईंनाही माहीत होतं. त्यांना उभं राहवत नव्हतं, एवढंच. मलाही राहवत नव्हतं.

मी मळेकऱ्याला हात जोडले. म्हटलं, "बाबा, कंदील द्या आम्हाला. आणि जाऊ नका. थोडं थांबा."

"थांबतो की," तो म्हणाला. "मेथी काय, उद्या बी विकंल." त्यानं बैल सोडले नाहीत, तसेच उभे केले आणि कंदील माझ्या हातात दिला.

कंदिलाच्या उजेडात ह्यांनी काच उतरवली, आतून बल्ब काढला. कंदिलासमोर धरून त्याची आतली तार पाहिली. म्हणाले, "तुटलेली दिसत नाही. पण डोळ्यांवर भरवसा नको." मग मोटारीत शिरून पायाखालची फळी उचलली. बॅटरी तिथं खाली असायची. हत्यारांच्या डब्यातून तारेचा तुकडा काढला, एक टोक बॅटरीला लावलं आणि बल्ब आपल्या मुठीत धरून, त्याची पितळी कड मोटारीच्या लोखंडाला लावून, दुसरं टोक त्याच्या बुडाला टेकवलं.

बल्ब लागला. ह्यांच्या हातात, आमच्या नाकासमोर, लख्ख लागला. "लागला! बल्ब चांगला आहे!" हे आनंदानं ओरडले. सासूबाई पोरीला घेऊन पुन्हा मागच्या बाकावर बसल्या होत्या. तो उजेड सरळ पोरीच्या तोंडावर पडला, आणि माझ्या लेकीचे ओठ मला दिसले. निळे होते. नखांएवढे लहान ओठ ते, जांभूळ खाल्ल्यावर होतात तसे झाले होते. तोपर्यंत अंधार होता म्हणून मी काहीबाही समजूत घालत होते. आता काही घालता येईना. अगं आई गं, असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं. ह्यांनी तार काढून घेतली आणि पुन्हा काळोख झाला. ह्यांनी ते ओठ पाहिले होते का, ते मी कधीच विचारलं नाही.

मी म्हटलं, "असाच हातात धरून चला ना! लागतोय तर!"

"तार वीतभर आहे," हे म्हणाले. "आणि मागं आरसा नसला, तर याचा उजेड चार पावलांवरही पडायचा नाही. दम धर." दम धर म्हणे.

हे पुन्हा पुढं गेले. दिव्याच्या पाठीत येणारी वायर सोडवली. मडगार्डखालून ती जिथं जिथं येते तिथं तिथं बोटं फिरवली, कुठं घासून तुटली आहे का बघायला. मी कंदील धरून मागोमाग. वायर धड होती. मग तिचं उघडं टोक मडगार्डच्या लोखंडावर खरवडलं. चटकन ठिणगी उडाली. मी दचकले. हे मात्र एकदम ताठ उभे राहिले.

"ऐक," हे म्हणाले. मला म्हणत होते की स्वतःला, कोण जाणे. "वीज इथवर येतेय. बल्ब चांगला आहे. म्हणजे दोष या दोघांच्या मध्ये आहे. मध्ये दुसरं काही नाही, हा होल्डर सोडून." होल्डर म्हणजे बल्ब ज्यात बसवायचा ती पितळेची लहानशी वाटी. ह्यांनी ती दिव्यातून सोडवली, बल्ब त्यात घातला, वाटी मडगार्डला टेकवून वायर लावली. नाही लागला. फिरवला, दाबला, नाही. मागून पोरीला खोकल्याची उबळ आली. तो खोकला नव्हताच, कुत्रं भुंकल्यासारखा आवाज होता. आणि मग काहीच आवाज येईना. मी कंदील तसाच ठेवून धावले. सासूबाई तिच्या पाठीवर थापटत होत्या आणि तोंडानं देवाचं नाव घेत होत्या. पुन्हा शीळ सुरू झाली. ती शीळ ऐकून मला बरं वाटलं, इतकी वेळ आली होती.

मी परत आले तेव्हा हे कानस शोधत होते. ती वाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "धर, पाडू नकोस." मी धरली. बोट आपोआप आत गेलं. आत गुळगुळीत लागायला हवं होतं, पण खरखरीत लागलं. तळाशी काहीतरी वाळून घट्ट बसलेलं होतं. नखानं खरवडलं, तर पूड निघाली. कंदिलाजवळ नेऊन पाहिली. हिरवी होती. घरात पितळेचं भांडं खरकटं राहिलं, की त्याला धरतो तोच हिरवा कळंक. बायकांची सवय वाईट, मी बोट जिभेला लावलं. कडू, खारट आणि मागून आंबट.

"चिंच!" मी म्हटलं. "अहो, यात चिंच आहे."

"काहीतरी काय बोलतेस?"

पण मला सगळं लख्ख आठवलं. दसऱ्याला आमच्याकडे मोटारीची पूजा व्हायची, हळदकुंकू, झेंडूची माळ सगळं. आदल्या दिवशी ह्यांनी दिवा काढून, उघडून ओट्यावर ठेवला होता आणि फडकं आणायला म्हणून गेले ते कुणाशी तरी गप्पा मारत बसले. सासूबाई तेव्हा देवांची उपकरणी घासत होत्या. समई, निरांजन, पंचपात्री, घंटा. त्यांनी दिवा पाहिला. पितळेचा दिवा, उद्या त्याची पूजा, आणि तो काळा पडलेला. त्यांच्या लेखी समई आणि हा दिवा यांत फरक काय? चिंच-मीठ घेऊन त्यांनी तो आतून-बाहेरून घासला. बोट जाईल तिथपर्यंत बोट घातलं, जाईना तिथं चिंचेचा चोथा कोंबून काडीनं फिरवला. मग पाण्यानं धुऊन उन्हात ठेवला. दिवा सोन्यासारखा झाला होता. हे परत आले तेव्हा खूश झाले, म्हणाले, साहेबाकडे होता तेव्हाही असा दिसला नसेल. त्या चिंचेतलं थोडं तळाशी राहिलं आणि दीड महिना आत बसून पितळ खात राहिलं.

ह्यांनी वाटी माझ्या हातून घेतली आणि कंदिलाशी धरली. मी डोक्यातला आकडा काढून दिला. त्याच्या टोकानं ह्यांनी आतलं सगळं खरवडून काढलं, मी पदराचं टोक पिळून आत घालून फिरवलं, पुन्हा त्यांनी खरवडलं. तळाशी बारीक स्प्रिंग होती, ती हिरवी गच्च झाली होती. ती उचकटून मोकळी केली. माझ्या बोटाला आकडा लागून रक्त आलं, ते मला नंतर दवाखान्यात कळलं. पितळ पिवळं दिसायला लागल्यावर ह्यांनी वाटी दिव्यात परत बसवली, वायर जोडली आणि बल्ब घातला.

दिवा लागला. रस्ता लांबवर दिसला, मोरी दिसली, झाडांच्या पारंब्या दिसल्या. बैल बुजले, मळेकऱ्यानं त्यांना चुचकारलं. "निघा माय, निघा," तो म्हणाला, "म्या येतो मागनं." त्याचा कंदील परत दिला की नाही, तेही मला आठवत नाही. दिला असेलच.

मी मागं बसले. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. चार पावलांच्या अंतरावर तर होत्या. पोरीला माझ्या मांडीवर द्यायला गेल्या, पण ती त्यांच्या मानेभोवतीचे हात काढेना, म्हणून तशीच ठेवली.

पुढं रस्ताभर उजेड होता आणि मोटारीत आमच्यापाशी मात्र काळोख. हे पुढं बघून, दात-ओठ खाऊन हाकत होते. इंजिनाच्या आवाजात पोरीचा श्वास ऐकू येईना. मी हात लांब करून तिच्या नाकाखाली बोट धरलं. वाऱ्यामुळे काही कळेना. कधी ऊब लागल्यासारखी वाटायची, कधी नाही. सासूबाईंना विचारायचं धाडस होईना. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर? ह्यांना थांबवावं, तर थांबून करायचं काय? सातपूर गेलं, घरांतले दिवे दिसले आणि मागं पडले. ते बोट मी दवाखान्याच्या दारापर्यंत काढलं नाही. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. पुढं ह्यांना शेवटचं पोचवलं तेव्हासुद्धा नाही.

ती जिवंत होती. डॉक्टरांनी कंदिलाच्या नाही, विजेच्या दिव्याखाली तिचा घसा पाहिला, काही न विचारता तिला आमच्याकडून घेतलं आणि मांडीत लस टोचली. मग आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. म्हणाले, "हा रोग पसरतो. कुणी आत यायचं नाही. मी बोलावीन तेव्हा एकीनंच यायचं, हात धुऊन. आता फक्त वाट बघायची."

हे बाहेर मोटारीपाशी जाऊन उभे राहिले. पुरुषांना उभं राहायला बरी जागा सापडते. व्हरांड्यात बाकावर मी आणि सासूबाई. माझ्या जिभेवर सारखं येत होतं, तुमची चिंच! तुमची पडजीभ! मी काही गरीब गाय नाही. त्या घरात आल्यापासून मी कधी मनात ठेवलेलं नाही, आणि सासूबाईंनीही नाही. आमची भांडणं रामकुंडावरच्या बायकांना ठाऊक होती. पण त्या रात्री मी तोंड उघडलं नाही. त्यांची दया आली म्हणून नाही. इथं एखादा वाईट शब्द बोलले, तर आत दाराच्या पलीकडे काहीतरी होईल, अशी भीती बसली होती मनात.

पुष्कळ वेळानं सासूबाईच म्हणाल्या, "बोल गं काहीतरी. तुझं बोलणं परवडलं."

मी नाहीच बोलले. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. घासून घासून बोटांची टोकं तांबडी झालेली, भेगाळलेली. त्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मी दुसरीकडे पाहिलं.

उजाडलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. डोळे तांबारलेले होते. म्हणाले, "पडदा सुटायला लागलाय. श्वास मोकळा होतोय. वाचेल असं वाटतं." मी रडले नाही. मला रडूच येईना. "एकीनं या आत," ते म्हणाले.

मी उठले. कुणी जायचं ते विचारायची गरजच नव्हती, मी आई होते. तिथल्या घमेल्यातल्या लाल औषधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला. सासूबाई बाकावरून हलल्या नाहीत. मान खाली घालून बसल्या होत्या. डॉक्टरांनी दार उघडलं, आणि आतून आवाज आला. फाटका, घोगरा, ओळखूही येऊ नये असा. पण माझ्याच लेकीचा. रात्रभर मी ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले होते तो आवाज.

"आजी," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. पुन्हा आला आवाज. "आजी, ये ना."

मी दारातून बाजूला झाले. सासूबाईंना म्हटलं, "उठा. तुम्हाला बोलावतेय ती." त्यांनी मान हलवली, नाही नाही म्हणून. पुन्हा म्हटलं, तरी उठेनात. तेव्हा मीच त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, घमेल्यापाशी नेलं आणि त्यांचे हात माझ्या हातांनी धुतले.